तेलात टाकायच्या बाटलीनं कॉम्प्रेसर साफ होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. निफाड तालुक्यात द्राक्षांचं छोटं शीतगृह, आर-४०४ए गॅसवर चालणारा सेमी-हर्मेटिक (मोटर आणि कॉम्प्रेसर एकाच उघडता येणाऱ्या कवचात असलेला) कॉम्प्रेसर, काही सीझन झालेले. साइट ग्लासमध्ये (तेल बघायच्या काचेच्या खिडकीत) तेल काळपट दिसू लागलंय आणि अँपिअर पूर्वीपेक्षा जास्त येतायत. मेकॅनिकनं एक बाटली आणून दाखवलीय. ती तेलात सोडली की आतला कार्बन सुटतो, घासलेले भाग भरून येतात, कॉम्प्रेसरचं आयुष्य वाढतं आणि विजेच्या बिलात पंधरा-वीस टक्के फरक पडतो, असं त्याचं म्हणणं. टाकावी का?

टाकू नका. निदान तेल काळं का पडलं हे कळेपर्यंत तर नाहीच. आणि ते कळल्यावर बहुधा बाटलीची गरजच उरणार नाही.

ही कल्पना येते गाडीच्या इंजिनातून. इंजिनात इंधन जळतं, काजळी होते, ती पिस्टनच्या कडेनं तेलात उतरते. म्हणून इंजिन ऑइलमध्ये मळ सोडवणारी आणि तो तेलात तरंगत ठेवणारी रसायनं घातलेली असतात. ठरावीक किलोमीटरनंतर तुम्ही ते तेल काढून टाकता आणि मळ बाहेर जातो. रेफ्रिजरेशनच्या सर्किटमध्ये काही जळत नाही, हवा नाही, धूळ नाही. सगळं सीलबंद. घरातल्या फ्रिजचं तेल कारखान्यात भरलेलं असतं आणि फ्रिज भंगारात जाईपर्यंत कुणी बदलत नाही, तरी तो पंधरा-वीस वर्षं चालतो. त्यामुळे इथे तेलात मळ दिसला तर तो आतच तयार झालेला असतो, नाहीतर जोडणी करताना फिटरनं मागे सोडलेला असतो. दोन्हींचं कारण शोधता येतं.

आता समजा बाटलीनं खरोखरच मळ सोडवला. तो जाणार कुठे? क्रँककेसमधलं (कॉम्प्रेसरच्या तळाशी तेल साठतं त्या भागातलं) थोडं तेल गॅसबरोबर सतत डिस्चार्जमध्ये, म्हणजे दाबलेला गरम गॅस बाहेर नेणाऱ्या पाइपात, जातच असतं. त्याच्याबरोबर हा सुटलेला कार्बन कंडेन्सरमधून (गॅस गार करून द्रव करणारी बाहेरची कॉइल), रिसिव्हरमधून (त्या द्रवाची टाकी) ड्रायरपर्यंत (ओलावा आणि घाण धरणारी गाळणी) पोचेल. ड्रायरनं जेवढा अडवला तेवढा अडवला, बाकीचा एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या (खोलीतल्या कॉइलमध्ये द्रव मोजून सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) जाळीत जाऊन बसेल. कॉम्प्रेसरच्या व्हॉल्व्ह प्लेटवर चिकटून बसलेला थर तिथे असताना जेवढा त्रास देत होता, त्यापेक्षा तो जाळीत अडकल्यावर जास्त देतो, तोही भर सीझनमध्ये, खोलीत माल भरलेला असताना. सर्किटमधून घाण बाहेर पडायला दोनच वाटा आहेत: तेल काढून टाकणं आणि ड्रायर कापून टाकणं. तिसरी वाट कुठल्याही बाटलीत नाही.

'घासलेले भाग भरून येतात' हे तर सोडूनच द्या. बेअरिंगचं झिजलेलं धातू कुठलाही द्रव परत आणत नाही. काही बाटल्यांत टेफ्लॉनची बारीक पूड असते. ती बेअरिंगला लागायच्या आधी तेलाच्या पंपाच्या गाळणीत आणि ड्रायरमध्ये अडकते.

तेलाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण खरी गोम तिथेच आहे. जुन्या आर-१२ आणि आर-२२ च्या मशिनांत मिनरल ऑइल चालायचं. सुनिसो थ्रीजीएसचा डबा जुन्या प्रत्येक मेकॅनिकनं हाताळलेला असतो. तुमच्या आर-४०४ए मध्ये मिनरल तेल नीट विरघळत नाही, म्हणून ते खोली थंड करणाऱ्या कॉइलमध्ये मागे राहतं, कॉम्प्रेसरकडे परत येत नाही. त्यासाठी पीओई म्हणजे पॉलिओल एस्टर तेल लागतं. आता त्या बाटलीवर नीट बघा. आतला मूळ द्रव कुठला आहे हे बहुतेक बाटल्यांवर लिहिलेलंच नसतं. तो मिनरल तेलाचा असेल तर तुम्ही क्रँककेसमध्ये परत न येणारं तेल घालताय. पातळ द्रावण असेल तर तेलाचा दाटपणा कमी करताय. कॉम्प्रेसरवाल्यानं दाटपणाची ३२ किंवा ६८ ग्रेड ठरवून दिलेली असते ती बेअरिंगमधली फट आणि तेलाचा दाब बघून, अंदाजानं नाही.

पीओईची दुसरी खोड म्हणजे ते हवेतला ओलावा झपाट्यानं ओढतं. सीलबंद पत्र्याच्या डब्यात त्यात ५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५० भाग) आत पाणी असतं. डबा उघडा राहिला तर ते काही तासांत शेकड्यांत जातं, पावसाळ्यात आणखी लवकर. चांगलं पीओई पत्र्याच्याच डब्यात का येतं, तर प्लास्टिकमधून ओलावा आत झिरपतो म्हणून. हा ओलावा व्हॅक्यूम मारून निघत नाही, कारण पाणी तेलात घट्ट धरलेलं असतं. आणि पाणी, उष्णता व एस्टर एकत्र आले की एस्टर तुटून आम्ल तयार होतं. म्हणजे तेल 'सुधारायला' म्हणून प्लग उघडून, प्लास्टिकच्या बाटलीतून काहीतरी ओतण्याची क्रियाच तेल बिघडवते, बाटलीत काहीही असो.

मग कारखान्यातल्या तेलात काही मिसळलेलं नसतंच का? असतं, पण मोजकं आणि तपासून. काही पीओई तेलांत झीज कमी करणारं फॉस्फेट असतं, काहींत ऑक्सिडेशन रोखणारं किंवा आम्ल धरणारं थोडं रसायन असतं. आर-१२ आणि आर-२२ मध्ये क्लोरीन होतं. घर्षणाच्या जागी त्याचा लोखंडाशी संयोग होऊन पातळसा संरक्षक थर तयार व्हायचा, त्यामुळे तेल जरा कमी पडलं तरी निभायचं. आर-१३४ए, आर-४०४ए मध्ये क्लोरीन नाही, म्हणून तो फुकटचा फायदा गेला. यावरूनच कुणाच्या तरी डोक्यात आलं की क्लोरीन असलेलं पॅराफिन तेलात मिसळून विकावं. टेबलावरच्या घर्षणाच्या यंत्रावर ते झकास दिसतं. चकती घासत नाही, बघणारे टाळ्या वाजवतात. पण कॉम्प्रेसरच्या डिस्चार्ज व्हॉल्व्हच्या तापमानाला, जरा ओलावा असला की, तेच क्लोरीन हायड्रोक्लोरिक आम्ल होऊन सुटतं. शिवाय सेमी-हर्मेटिकमध्ये मोटरचं वाइंडिंग (तारेची गुंडाळी) त्याच तेलात आणि गॅसमध्ये असतं. इंजिनाला वाइंडिंग नसतं, हे विक्रेता सांगत नाही.

विक्रेत्याला एकच गोष्ट विचारा: सीलबंद काचनळीतल्या चाचणीचा रिपोर्ट आहे का? अॅश्रे या अमेरिकी रेफ्रिजरेशन-वातानुकूलन संस्थेच्या ९७ क्रमांकाच्या मानकात ही पद्धत दिलेली आहे. तेल, गॅस आणि तांबं, पोलाद, अॅल्युमिनियमच्या पट्ट्या काचेच्या नळीत बंद करून साधारणपणे १७५ अंशाला १४ दिवस ठेवतात आणि मग तेलाचा रंग, आम्ल आणि पट्ट्यांची अवस्था बघतात. तुमच्या गॅससकट, तुमच्या तेलात ती बाटली मिसळून ही चाचणी केलेली असेल तर पुढे बोलू. 'मुंबईत इतक्या ठिकाणी लावलंय' हा रिपोर्ट नव्हे.

आता तुमचं तेल काळं का पडलं याकडे येतो. पहिला संशय उष्णतेवर. डिस्चार्जच्या पाइपवर, कॉम्प्रेसरपासून साधारण १५ सेंटीमीटरवर, थर्मामीटरचा सेन्सर बांधा आणि वरून इन्सुलेशन गुंडाळा. तिथे १०७ अंशांच्या वर जाता कामा नये. पाइपवर १०७ म्हणजे आत व्हॉल्व्हजवळ त्याहून बरंच जास्त असतं, आणि तिथे १७५ च्या आसपास तेल जळून कार्बन व्हायला लागतं. असं चाललेल्या मशिनचं हेड उघडलं की व्हॉल्व्ह प्लेटवर काळा, चकचकीत, लाखेसारखा थर दिसतो. नखानं निघत नाही, डिस्चार्ज रीडच्या (गॅस बाहेर सोडणाऱ्या पातळ पट्टीच्या व्हॉल्व्हच्या) कडेला जास्त जाड असतो. त्या थरामुळे रीड नीट बसत नाही, दाबलेला गरम गॅस परत सिलिंडरमध्ये येतो, तो पुन्हा दाबला जातो आणि तापमान आणखी चढतं. एकदा हे चक्र सुरू झालं की बाहेरून ओतलेल्या कशानंही थांबत नाही. व्हॉल्व्ह प्लेट काढून साफ करावी किंवा बदलावी लागते.

तापमान चढतं कशानं? कंडेन्सर धुळीनं भरलेला, फॅन उलटा फिरतोय किंवा एक फॅन बंद, सिस्टिममध्ये हवा राहिलेली, गॅस कमी असल्यानं सक्शन प्रेशर (कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचा दाब) खाली गेलेलं, सक्शन पाइपचं इन्सुलेशन फाटलेलं. तुमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये माल चढतो तेव्हा ऊन चाळिशीला टेकलेलं असतं, आणि शेजारी ट्रॅक्टर-ट्रकची ये-जा. तुमचे वाढलेले अँपिअर मला आधी कंडेन्सरच्याच खात्यावर टाकावेसे वाटतात. पाण्याचा फवारा पंख्याच्या बाजूनं, म्हणजे आतून बाहेर मारा. बाहेरून मारला तर धूळ आत आणखी ठासते. आणि तिन्ही फेजचं व्होल्टेज मोजा. फेजमधला व्होल्टेजचा फरक २ टक्के असला तरी करंटमधला फरक त्याच्या सहा ते दहा पट होऊ शकतो, आणि एक वाइंडिंग उगाच तापत राहतं. ग्रामीण फीडरवर हे नेहमीचं आहे.

दुसरा संशय ओलाव्यावर. आम्ल झालं की ते पाइपातलं तांबं विरघळवून तेलात घेतं आणि ते तांबं गरम पोलादावर पुन्हा बसतं. शाफ्टच्या बेअरिंगच्या जागी, तेलाच्या पंपाजवळ, गुलाबीसर तांब्याची झाक दिसली की समजायचं पाणी शिरलेलं आहे. बेअरिंगमधली फट आधीच केसाएवढीही नसते, त्यात हा तांब्याचा थर, मग कॉम्प्रेसर जाम होतो. बाहेरून बघणारा म्हणतो, तेल संपलं असेल.

तिसरं कारण नायट्रोजन न सोडता केलेलं ब्रेझिंग, म्हणजे पाइप तापवून केलेली जोडणी. पाइपच्या आत काळी पापुद्र्यासारखी खपली धरते. मिनरल तेलात ती वर्षानुवर्षं जागेवर राहायची. पीओई स्वतःच जबरदस्त धुणारं तेल आहे, ते ही खपली उचलून आणतं आणि तेल काळं करतं. म्हणजे साफ करणारं काहीतरी तुमच्या मशिनमध्ये आधीपासून आहेच. कमी आहे ती साफ झालेलं बाहेर काढण्याची सोय.

आणि चौथं, जे तुमच्यासारख्या हंगामी शीतगृहात सगळ्यात जास्त घडतं आणि ज्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. सीझन संपला की मेन स्विच पाडायचा, वीज कशाला जाळायची, असा हिशेब असतो. त्याबरोबर तेल गरम ठेवणारा क्रँककेस हीटरही बंद होतो. पुढच्या कित्येक महिन्यांत गॅस हळूहळू सरकून क्रँककेसमधल्या थंड तेलात विरघळत राहतो. जानेवारीत स्विच टाकला, कॉम्प्रेसर सुरू केला, दाब एकदम खाली आला की तेलातला गॅस उकळतो, साइट ग्लासमध्ये फेसच फेस दिसतो. पंपाला तेलाऐवजी फेस मिळतो आणि बेअरिंग कोरडं फिरतं. तेलाचा दाब पडला की मशिन बंद करणारा ऑइल प्रेशर स्विच साधारण १२० सेकंदांनी ट्रिप करतो, तो कामगारानं दोन-तीनदा रीसेट केला की तेवढी झीज ठरलेली. आयुष्य वाढवायचंच असेल तर ते इथे वाढतं. सीझन संपताना पंप डाउन करा, गॅस रिसिव्हरमध्ये कोंडून व्हॉल्व्ह बंद करा आणि सुरू करायच्या आधी निदान २४ तास हीटर चालू ठेवा. १०० वॉटचा हीटर दिवसाला अडीच युनिटसुद्धा खात नाही.

विजेच्या बचतीबद्दल. हा दाखला देण्याची पद्धत मी इतक्या ठिकाणी पाहिलीय की आता पाठ झालीय. क्लॅम्प मीटर लावून अँपिअर दाखवतात. मग 'सर्व्हिस' म्हणून कंडेन्सर धुतात, थोडा गॅस भरतात, बाटली सोडतात आणि पुन्हा अँपिअर दाखवतात. अँपिअर उतरलेले असतात. पण ते कंडेन्सर धुतल्यानं उतरले की बाटलीनं? शिवाय खोली थंड होत गेली की सक्शन प्रेशर उतरतं आणि अँपिअर आपोआप कमी होतात, काहीही न घालता. फरक बघायचाच असेल तर कॉम्प्रेसरला वेगळा युनिट मीटर लावा, कंडेन्सर आधी धुऊन घ्या आणि सारख्या मालावर, सारख्या हवामानात दोन-तीन आठवड्यांचे युनिट ताडून पाहा. विक्रेता याला सहसा तयार होत नाही. कॉइलच्या आतल्या नळ्यांवर तेलाचा थर बसतो आणि बाटली तो काढते, हा दावाही ऐकाल. तेल कॉइलमध्ये साचत असेल तर सक्शन पाइपचा आकार, उतार, ट्रॅप चुकलेला असतो किंवा तेल त्या गॅसचं नसतं. दुरुस्ती पाइपात करायची असते.

सगळ्याच बाटल्या टाकाऊ असं मात्र मी म्हणणार नाही. कॉम्प्रेसर जळाल्यावर आम्ल मारायला जे द्रव्य मिळतं, त्याला मर्यादित जागा आहे. जळलेल्या मशिनमधलं आम्ल पाइपभर पसरलेलं असतं, लांब लाइन असेल तर ते सगळं धुऊन काढणं कठीण जातं. पण तिथेही दोन अटी. अल्कलीवर आधारलेलं असेल तर आम्ल मरताना क्षार आणि पाणी तयार होतं, म्हणून ते टाकल्यावर ड्रायर बदलणं टळत नाही. आणि ते द्रव्य तुमच्या तेलासाठी आहे असं कॉम्प्रेसर कंपनीनं लेखी सांगितलेलं हवं, नाहीतर वॉरंटीचा प्रश्न मिटलाच म्हणून समजा. जळलेल्या मशिनचं तेल उघड्या हातानं हाताळू नका, त्यातलं आम्ल कातडी भाजतं. गळती बुजवणाऱ्या बाटल्यांना मात्र माझ्याकडे कुठेच जागा नाही. ओलावा लागला की त्या आत घट्ट होतात आणि मग कॅपिलरी (लहान मशिनांतली बारीक नळी), एक्सपान्शन व्हॉल्व्ह, पुढच्या मेकॅनिकचे गेज नि रिकव्हरी मशिन, सगळ्यांची वाट लावतात. कॅपिलरीत बर्फ धरू नये म्हणून पूर्वी मेथेनॉलचे चार थेंब सोडायची रीत होती, तीही सोडा. ते अॅल्युमिनियम खातं.

अमोनियाच्या प्लँटचं गणित वेगळं आहे, कारण तिथे मिनरल तेल अमोनियात मिसळतच नाही, जड असल्यानं तळाला बसतं आणि ऑइल पॉटमधून काढावं लागतं. तुमचा प्लँट तो नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

आता तुम्ही काय करायचं. तेलाचा नमुना काढून काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्या आणि उजेडात धरा. नुसतं काळं असेल तर उष्णता किंवा खपली. हिरवट असेल तर तांबं, म्हणजे ओलावा. दुधाळ असेल तर पाणी बरंच. चंदेरी चमक असेल तर बेअरिंग झिजतंय, मग पुढचं सगळं थांबवून कॉम्प्रेसर उघडा. नाकाला झोंबणारा आंबट, जळका वास आला तर वाइंडिंगकडे बघा. त्याच नमुन्यावर अॅसिड टेस्ट किट वापरा, पीओईसाठीचं वेगळं मिळतं ते.

आम्ल निघालं किंवा तेल काळं असेल तर पंप डाउन करून तेल काढा, जेवढं निघालं तेवढंच मोजून त्याच ग्रेडचं नवीन पीओई भरा. डबा भरायच्या क्षणी फोडा, उरलेलं तेल पुढच्या वेळेसाठी ठेवू नका. लिक्विड लाइनचा (द्रव नेणाऱ्या पाइपवरचा) ड्रायर बदला आणि सक्शनला आम्ल शोषणारा बर्नआउट ड्रायर बसवा. जुना ड्रायर टॉर्चनं सोडवू नका, ट्यूब कटरनं कापा. तापवला की त्यानं धरलेलं पाणी परत सिस्टिममध्ये जातं. काढलेला ड्रायर फेकायच्या आधी आडवा कापून बघा. जाळीवर काळी खपली दिसते, कार्बनचा चिखल दिसतो की तांब्याचा कीस, यावरून कुठल्या कारणामागे लागायचं ते कळतं. जोडणी नायट्रोजन सोडत करा, व्हॅक्यूम दोन स्टेजच्या पंपानं ५०० मायक्रॉनच्या (व्हॅक्यूम मोजायचं माप) खाली न्या आणि गेजवरच मोजा. जुन्या कॉम्प्रेसरचा पंप करून 'अर्धा तास मारला' हे व्हॅक्यूम नव्हे.

४८ तास चालवून पुन्हा आम्ल तपासा. आलं तर तेल आणि ड्रायर पुन्हा बदला. सक्शन ड्रायरच्या दोन टोकांमधला दाबाचा फरक वाढत असेल तर तोही बदला, आणि तेल स्वच्छ राहायला लागलं की तो काढून टाका, कायमचा ठेवू नका. तिसऱ्यांदाही आम्ल आलं तर ते ताजं तयार होतंय: डिस्चार्जचं तापमान पुन्हा मोजा आणि ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन तपासायच्या मीटरनं) वाइंडिंग तपासा. मेगर लावताना सिस्टिम व्हॅक्यूममध्ये नाही ना, हे आधी बघा. व्हॅक्यूममध्ये टर्मिनलवर ठिणगी उडते आणि चांगलं वाइंडिंग तिथल्या तिथे जातं.